‘काका, छान! अजून एक घेऊ’

सिनेमाच्या सेटवर सगळ्यांत सराईतपणे खोटं कोण बोलत असेल, तर तो दिग्दर्शक. निर्माताही बोलतो, पण त्याचं खोटं पेमेंटच्या तारखेपुरतं असतं आणि ते कुणाला खरंही वाटत नाही. दिग्दर्शकाचं तसं नाही. शॉट संपतो, ‘कट’ होतं आणि अंधारातून प्रेमळ आवाज येतो, “छान! काका, फारच छान! अजून एक घेऊ.” आता छान होतं तर अजून एक कशाला, हा प्रश्न चौथीतल्या पोरालाही पडेल. सेटवर तो कुणी विचारत नाही. काका मान डोलावतात, मेकअपदादा त्यांचा घाम टिपतो, स्पॉटदादा अर्धा झालेला चहाचा कप पुन्हा पहिल्याइतका भरून ठेवतो आणि सगळे आपापल्या जागेवर परत जातात.

मी संवाद लिहितो. त्यामुळे सेटवर माझं काम म्हणजे कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहणं. कुणी “हे वाक्य तोंडात बसत नाहीये हो” म्हणालं की उठून ते मोडून द्यायचं आणि पुन्हा बसायचं. मधल्या रिकाम्या वेळात मला एक छंद जडला आहे : ‘अजून एक’मागचं खरं कारण ओळखणं. कधी फोकस गेलेला असतो. कधी माइकची काठी वरून फ्रेममध्ये डोकावलेली असते. कधी नेमक्या हुंदक्याच्या वेळी मागच्या गल्लीतून भंगारवाला जातो. लग्नाच्या सीनमधल्या तिसऱ्या रांगेतल्या मावशी सरळ लेन्समध्ये बघून हसलेल्या असतात. आणि पुष्कळदा, हे सगळं ठीक असतं, फक्त काका भयंकर करत असतात.

अशा वेळी दिग्दर्शक म्हणतो, “कॅमेऱ्याचा जरा प्रॉब्लेम झाला.”

कॅमेरामन निमूटपणे लेन्स पुसतो. हा अलिखित नियम आहे. चूक कॅमेऱ्याची असेल तर ती कॅमेऱ्याची आणि नटाची असेल तरीही ती कॅमेऱ्याचीच. कारण नटाला तोंडावर ‘तुम्ही चुकलात’ म्हटलं की पुढचे चार टेक तो पात्राचा अभिनय सोडून न चुकण्याचा अभिनय करतो आणि तो बघवत नाही. मराठी सिनेमातल्या कॅमेरामन मंडळींनी आजवर जेवढे आळ अंगावर घेतले आहेत, तेवढ्यांसाठी त्यांना वेगळा पुरस्कार ठेवायला हरकत नाही.

दादासाहेब फाळक्यांना ही कसरत करावी लागली नाही. त्यांचे प्रश्न वेगळे होते. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. बाई सिनेमात काम करणं ही कल्पनाच कुणाला झेपत नव्हती. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके सापडले आणि हिंदी सिनेमाची, मराठी सिनेमाची, एकूणच आपल्या सिनेमाची पहिली नायिका मिशा उतरवून उभी राहिली. बाईचं काम करणारी बाकीची मंडळी मिशा काढायला तयार नव्हती म्हणे. वडील हयात असताना मिशी कशी उतरवायची? म्हणजे आपल्याकडच्या दिग्दर्शकाची नटाशी झालेली पहिली चर्चा पात्राच्या अंतरंगावर झाली नाही, वस्तऱ्यावर झाली. पुढे 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामं केली. दिग्दर्शकाच्या दृष्टीनं यासारखी सोय नाही. राम-सीतेचं जमत नसेल तर एकाच माणसाला बाजूला घेतलं की भागतं.

पण फाळक्यांची खरी चैन वेगळीच होती. मूकपटात आवाज नाही, म्हणजे शॉट चालू असताना दिग्दर्शकाला मनसोक्त बोलता येई. आता वर बघ. आता दचक. अरे, दचक म्हटलं ना! प्रेक्षकांना पडद्यावर फक्त दचकलेली राणी दिसे. ती कुणाच्या आवाजानं दचकली ते ऐकू येत नसे. मग 1932 मध्ये ‘प्रभात’चा, शांतारामबापूंचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. पडद्यावरचे हरिश्चंद्र-तारामती बोलू लागले आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाला गप्प बसावं लागलं. बोलपटानं नटांना वाचा दिली असं इतिहासात लिहितात, दिग्दर्शकाची गेली हे कुणी लिहीत नाही.

तशी मध्यंतरी ती परत आली होती. डबिंगचा जमाना आला आणि सेटवरचा आवाज कच्चा धरायचं ठरलं. मग सोफ्यामागे बसलेला असिस्टंट वाक्यं पुरवतोय, दिग्दर्शक शॉट चालू असताना “डावीकडे, डावीकडे” करतोय, जनरेटर धडधडतोय, सगळं चालायचं. ‘लगान’ 2001 मध्ये सेटवरच आवाज धरून झाला आणि हळूहळू सगळीकडे पुन्हा शांतता आली. शांतता म्हणजे काय, तर शॉटच्या आधी पाच जण पाच दिशांना ‘सायलेऽऽन्स’ म्हणून ओरडतात. दिवसभरातला सर्वांत मोठा आवाज हाच. तिकडे क्लिंट ईस्टवूड म्हणे ‘ॲक्शन’ असं ओरडतच नाही. काउबॉयच्या मालिकेत काम करताना त्यानं पाहिलं होतं की दिग्दर्शक ओरडला की घोडे बिथरतात. घोड्यांना जे नको ते माणसांना तरी कशाला, असा त्याचा साधा विचार. आपल्याकडे घोडे कमी वापरतात, त्यामुळे हा विचार पोचलेला नाही.

तर मुद्दा असा, की दिग्दर्शकाला नटाशी जे बोलायचं ते आता ‘कट’ आणि पुढच्या ‘ॲक्शन’च्या मधल्या दोन-चार मिनिटांत. त्यात मेकअप, लाइट, चहा, निर्मात्याचा फोन हेही बसवायचं. या दोन-चार मिनिटांत काय होतं ते मी वाईजवळच्या एका वाड्यात अगदी हाताच्या अंतरावरून पाहिलं.

सीन साधा होता. मुलगा येऊन सांगतो, “दादा, मी मळा विकला.” बापानं चहाचा घोट घ्यायचा आणि एवढंच म्हणायचं, “विहिरीसकट?” वाक्य माझंच होतं, त्यामुळे ते चांगलं होतं याविषयी मला शंका नाही.

बापाच्या भूमिकेत रंगभूमीवर उभी हयात घालवलेले एक ज्येष्ठ नट. सगळं युनिट त्यांना काका म्हणे. दिग्दर्शक नुकताच शिकून आलेला, दाढीवाला, हुशार आणि नम्र पोरगा. पहिला टेक झाला. काका “विहिरीसकट?” म्हणाले ते असे, की गावातल्या खऱ्या विहिरीनं ओ द्यावी. नाट्यगृहातल्या बाल्कनीच्या शेवटच्या रांगेला हिशेबात धरायची त्यांना सवय, आणि इथे माइक त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीखाली चिकटवलेला. साउंडवाल्यानं हेडफोन काढून कान चोळला.

“छान! फारच छान, काका!” दिग्दर्शक धावत आला आणि काकांच्या पुढ्यात उकिडवा बसला. “काका, काय आहे माहितीये का, विहीर ही या माणसाची आई आहे. त्यानं मळा गमावला याचं दुःख नाहीये. त्याच्या आतला झरा आटलाय. पण तो आक्रोश तो बाहेर येऊ देत नाहीये. तो आतल्या आत...”

काकांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “बरं. मग चहा आधी पिऊ की नंतर?”

दुसऱ्या टेकला काकांनी आई घातली, झरा घातला, बहुधा बहात्तरचा दुष्काळही घातला. कप बशीत थडथडला. “विहिरीसकट?” नंतर एक हुंदकाही आला, जो स्क्रिप्टमध्ये नव्हता.

“छान! काका, आता हेच, पण जरा कमी.”

इथे नटांविषयी एक शास्त्रीय सत्य सांगून ठेवतो. नटाचा अभिनय कमी करता येत नाही. तो फक्त जागा बदलतो. काकांनी तिसऱ्या टेकला आवाज खाली आणला, तर सगळं भुवयांत गेलं. चौथ्या टेकला भुवया आवरल्या, तर मान थरथरू लागली. पाचव्याला मान स्थिर ठेवली आणि डावा गुडघा हलायला लागला. कॅमेरामननं गुडघा फ्रेमबाहेर काढला, तर काकांनी मोठा सुस्कारा सोडला. इकडे सूर्य खिडकीवरून सरकत होता आणि निर्मात्याचा माणूस घड्याळाकडे न बघण्याचा अभिनय करत होता. तोही जास्तच करत होता.

मग दिग्दर्शक थोडा वेळ गप्प उभा राहिला. आर्टवाल्या पोराला बोलावून कानात काहीतरी सांगितलं. पोरगं वाड्याच्या मालकिणीकडून पानाचा डबा घेऊन आलं. दिग्दर्शकानं त्यातून अडकित्ता काढला आणि काकांच्या हातात दिला.

“काका, चहा राहू दे. सुपारी कातरता येते?”

“म्हणजे काय! आमच्या वडिलांना रोज मीच कातरून द्यायचो.”

“मग कातरत बसा. तो येऊन सांगेल, तुम्ही विचारा. फक्त सुपारी बारीक कातरा, मला ती जवळून दाखवायची आहे.”

झरा नाही, आई नाही, आक्रोश नाही. अडकित्ता जुना होता, पात्याला धार होती आणि बिजागरी ढिली. काकांची नजर अंगठ्यावरून हलेना, कारण हलली असती तर अंगठा गेला असता. मुलगा आला. “दादा, मी मळा विकला.” अडकित्ता थांबला. काका वर न बघताच म्हणाले, “विहिरीसकट?” आणि टक्कन सुपारी फुटली.

कुणी ‘कट’ म्हणेना. साउंडवाल्यानं हेडफोन काढला नव्हता. मग दिग्दर्शकाचा आवाज आला, “ओके. पुढचा शॉट.” छान नाही, फारच छान नाही. तेव्हाच मला कळलं, शॉट झाला.

पुढचा भाग कंटिन्यूटीचा. समोरून मुलाचा शॉट जेवणानंतर घ्यायचा होता. कंटिन्यूटी सांभाळणाऱ्या मुलीनं ताटलीतल्या सुपारीच्या खांडांचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले होते. फोटो राहिले, सुपारी गेली. जेवणानंतर लाइटच्या पोरांना मुखशुद्धी हवी असते, ती त्यांनी समोर दिसली ती घेतली. मग काका पुन्हा बसले, पुन्हा कातरली, आणि मुलगी फोटोत बघून सांगत होती, “काका, तो डावीकडचा तुकडा जरा मोठा होता.” काकांनी तो तुकडा मात्र खरोखर मनापासून, पात्रात शिरून कातरला.

नटाला वाटायला काय हवं ते सांगू नये, करायला काय हवं ते द्यावं, हे त्या पोरानं स्वतःच शोधलं असेल किंवा सत्यजित रायांकडून उचललं असेल. ‘पथेर पांचाली’ (1955) मधल्या अपूला, म्हणजे सुबीर बॅनर्जी या लहान पोराला, काशफुलांच्या रानातून बहिणीला शोधत चालायचं होतं. पोरगं सरळ, ताठ, कवायतीला निघाल्यागत चालू लागलं. रायांनी त्याला विरह, कुतूहल, बालपण वगैरे काही समजावलं नाही. वाटेत लहान-लहान अडथळे ठेवले, गवतात निरनिराळ्या ठिकाणी माणसं दडवली आणि त्यांना ठरावीक वेळी हाका मारायला सांगितल्या. पोरगं थांबलं, इकडे वळलं, तिकडे बघितलं, पाय उचलून टाकले. जगभरच्या समीक्षकांनी त्या चालण्यातली निरागसता वाखाणली. निरागसता होतीच, तिच्या वाटेत काटक्या टाकलेल्या होत्या एवढंच.

मुलांच्या बाबतीत मात्र काही थोर दिग्दर्शकांनी पायरी सोडली आहे. ‘बायसिकल थीव्ज’ (1948) मध्ये त्यातल्या छोट्या मुलाला रडवायचं म्हणून दिग्दर्शक डी सिकानं गुपचूप त्याच्या खिशात सिगारेटची थोटकं टाकली आणि सगळ्यांसमोर ‘थोटकं गोळा करतोस होय!’ म्हणून त्याला लाजवलं, अशी कथा आहे. नॉर्मन टॉरोगनं त्याच्याही पुढची मजल मारली. ‘स्किपी’ (1931) च्या सेटवर त्यानं आपल्या नात्यातल्या जॅकी कूपरला सांगितलं, की तुझा कुत्रा गोळी घालून मारतो. पोरगं जे रडलं, ते पडद्यावर आलं. टॉरोगला उत्कृष्ट दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. पन्नास वर्षांनी कूपरनं आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव ‘प्लीज डोंट शूट माय डॉग’. माझ्या मते ते ऑस्कर कुत्र्याला द्यायला हवं होतं. सेटवर खरेपणानं वागलेला तोच एकटा.

मोठ्या नटांना कुत्र्यानं रडवता येत नाही, तेव्हा टेकची संख्या वाढवतात. विल्यम वायलर नावाचा दिग्दर्शक यात वाकबगार. त्याची सूचना एका शब्दाची असे : पुन्हा. काय चुकलं, काय हवं, काही नाही. पुन्हा. ‘बेन-हर’ (1959) च्या वेळी त्यानं चार्ल्टन हेस्टनला बोलावून सांगितलं, की तू आहेस त्यापेक्षा चांगलं करायला हवं. कसं, असं हेस्टननं विचारलं, तर उत्तर साधारण असं आलं, की ते मला सांगता आलं असतं तर सांगितलं नसतं का! ही हकीकत खुद्द हेस्टनच सांगत असे. दोघांनाही त्या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं, त्यामुळे कोणाचं कुणामुळे सुधारलं ते अजून ठरलेलं नाही. डेव्हिड फिंचरनं ‘द सोशल नेटवर्क’ (2010) मधल्या पहिल्याच सीनचे, एका बारमध्ये बसून मुलीनं मुलाला सोडून द्यायच्या सीनचे, 99 टेक घेतले. त्यातली पहिली दहा-बारा भांडणं तरी खरी झाली असतील.

आणि या सगळ्यांचा मूळपुरुष चॅप्लिन. ‘सिटी लाइट्स’ (1931) मध्ये आंधळ्या फुलवालीनं भटक्याला श्रीमंत समजायचं, एवढाच प्रसंग. त्यासाठी 342 टेक झाल्याचं सांगितलं जातं. व्हर्जिनिया चेरिल फूल पुढे धरत होती आणि चॅप्लिनला ती हवं तसं धरत नाही असं वाटत होतं. ती ‘फूल घ्या’ म्हणते ते वाक्यही त्याला पटत नव्हतं. सिनेमा मूक आहे हे इथे पुन्हा सांगतो. जे वाक्य कुणालाच ऐकू येणार नाही, ते बरोबर येत नाही म्हणून त्यानं मधे तिला कामावरून काढलं, दुसरी बघितली आणि पुन्हा हिलाच आणलं. शेवटी अडलं होतं ते भलतीकडेच : ती त्याला श्रीमंत का समजेल? उत्तर सापडलं मोटारीच्या दारात. गर्दीत थांबलेल्या गाडीचं दार उघडून भटक्या पलीकडे उतरतो, दार बंद होतं आणि तिला वाटतं, साहेब गाडीतून आले. दाराचा आवाज! मूकपटात! चेरिलचा हात पहिल्या दिवसापासून बहुधा बरोबरच होता. अडचण कथेत होती. म्हणजे आमच्या संवादलेखकांच्या खात्यात.

मराठीत हे परवडत नाही. इथे पाचव्या टेकला निर्माता आपली खुर्ची पुढे सरकवतो, सातव्याला ‘मला तर आधीचाच आवडला’ म्हणतो आणि नवव्याला घरी फोन लावून मोठ्यानं म्हणतो, “नाही, आज उशीर होईल. का ते विचारू नकोस.” मालिकेत तर टेक हा शब्दच उधळपट्टीचा समजला जातो. रोज एक भाग बाहेर पडलाच पाहिजे. तिथला दिग्दर्शक एका दुपारी ताईंना सोफ्यावर बसवतो आणि म्हणतो, “ताई, तीन लूक द्या. एक रागाचा, एक संशयाचा, एक काहीच नसलेला.” ताई सराईत असतात, एका दमात तिन्ही देतात. मग हे लूक कपाटातल्या लोणच्यासारखे पुढे कधीही, कुणाच्याही वाक्यावर वाढता येतात. सुनेनं दूध उतू घालवलं तरी तोच संशय, मुलगा अपघातात गेल्याची बातमी आली तरी तोच संशय. काहीच नसलेला लूक सर्वांत जास्त वापरला जातो आणि त्यालाच प्रेक्षक ‘काय संयत काम करते!’ म्हणतात.

नटांनी हे सगळं मुकाट्यानं सोसलं असं मात्र नाही. नट म्हणजे गुरं, अशा अर्थाचं आल्फ्रेड हिचकॉक बोलल्याचा बोलबाला झाला. त्याचं म्हणणं, मी तसं म्हटलं नाही. त्यांना गुरांसारखं वागवावं एवढंच म्हटलं. ‘मिस्टर अँड मिसेस स्मिथ’ (1941) च्या शूटिंगच्या पहिल्या दिवशी तो सेटवर आला, तर तिथे एक छोटा गोठा बांधलेला आणि त्यात तीन वासरं. प्रत्येकाच्या गळ्यात सिनेमातल्या एकेका मुख्य नटाच्या नावाची पाटी. हा उद्योग नायिका कॅरोल लोम्बार्डचा. हिचकॉकला विनोद आवडला. वासरांनी मार्कवर उभं राहायला किती टेक घेतले याची नोंद नाही.

आमच्याकडे उमेश कुलकर्णीनं ‘वळू’ (2008) मध्ये साक्षात वळूच घेतला. वळूला ‘जरा कमी’ सांगता येत नाही आणि तोही ‘या प्रसंगात माझी मनःस्थिती काय?’ असं विचारत नाही. त्यामुळे दोघांचं बरं जमलं असावं. शांतारामबापूंनी तर ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) मध्ये बैलाला सूचना द्यायच्या फंदात न पडता स्वतःच त्याच्याशी झुंज घेतली आणि डोळा दुखावून घेतला. दिग्दर्शक स्वतःच नट असला की असं होतं. ‘कट’ म्हणायचं भान राहत नाही.

स्वतः दिग्दर्शक आणि स्वतःच नट, ही जमात आपल्याकडे मोठी आहे. तिचा मानबिंदू ‘अशी ही बनवाबनवी’ (1988). फाळक्यांनी पुरुषांना मिशा काढून साडी नेसायला राजी केलं, त्याला तेव्हा बरोबर पंचाहत्तर वर्षं झाली होती. आणि आता खुद्द दिग्दर्शक सचिन पिळगांवकरच साडी नेसून कॅमेऱ्यासमोर उभे होते. बाजूला साडीतले लक्ष्मीकांत बेर्डे. अशा वेळी ‘सर, माझ्या पदराचं काय करू?’ असा प्रश्न आला तर दिग्दर्शकाला निदान स्वतःचा पदर सावरून दाखवता आला असेल. नटाला करून दाखवू नये असं शास्त्र सांगतं, कारण मग तो दिग्दर्शकाची नक्कल करतो. साडीच्या बाबतीत शास्त्राला सवलत द्यावी.

नागराज मंजुळेनं आणखी वेगळी वाट काढली. कधी कॅमेऱ्यासमोर उभी न राहिलेली पोरं घ्यायची : ‘फँड्री’चा सोमनाथ अवघडे, ‘सैराट’ (2016) ची अकलूजची रिंकू राजगुरू. ज्यांना कधी कुणी ‘अभिनय कर’ सांगितलेलंच नाही, त्यांना ‘जरा कमी’ सांगावं लागत नाही. शिवाय ‘सैराट’मधल्या क्रिकेटच्या सामन्यात नागराज स्वतः कॉमेंट्री करतात. शॉट चालू असताना बोलायची हौस प्रत्येक दिग्दर्शकाला असते. पडद्यावर अधिकृतपणे ती भागवून घ्यायचं फक्त यांना सुचलं.

याच्या उलट टोकाला हृषीकेश मुखर्जी. ते सेटवर बुद्धिबळ खेळत असत. मूळचे संकलक, त्यामुळे कुठला तुकडा लागणार आणि कुठला नाही हे त्यांच्या डोक्यात आधीच कापून तयार असे. उगाच सात बाजूंनी शूटिंग करायची गरज नाही. पट मांडलेला, शॉट तयार झाला की मान वर, झाला की मान खाली. पण तो पट सेटवरच असे. नटाला मान वळवली की दिग्दर्शक दिसत असे, आणि दिग्दर्शकालाही घोडा हलवता हलवता नटाचा श्वास ऐकू जात असे.

आता ते गेलं. आता मॉनिटर आहे. कॅमेऱ्यापासून दूर, कधी दुसऱ्या खोलीत, कधी काळं कापड लावलेल्या तंबूत दिग्दर्शक एका छोट्या पडद्यासमोर बसतो. मॉनिटर वायरनं जोडलेला होता तोवर निदान वायरच्या लांबीची मर्यादा होती; बिनवायरीचा आल्यापासून तीही सुटली. वाड्यात नट आणि दिग्दर्शक पारावर, अशी परिस्थिती येते. तंबूत त्याच्याबरोबर निर्माता असतो, चॅनेलची माणसं असतात, कुणाचा तरी पुतण्या असतो, आणि प्रत्येकाला सूचना असते. आत दहा मिनिटं खल होतो. पात्राचं बालपण, गावाचं राजकारण, मधल्या दृश्यातल्या मौनाचा अर्थ, सगळं निघतं. मग असिस्टंटला सांगतात, जा, सांगून ये. असिस्टंट अंगणातून धावत येतो, धापा टाकत नटासमोर उभा राहतो आणि दहा मिनिटांच्या त्या मंथनातून उरलेलं देतो : “सर म्हणतायत, थोडं ते... असं करा.”

नट विचारतो, “कसं?”

असिस्टंट पुन्हा अंगणातून धावत जातो.

काकांच्या हातात अडकित्ता आला, कारण तो पोरगा तेव्हा काकांपासून हातभर अंतरावर होता. तंबूत बसून त्याला डावा गुडघा दिसला नसता; कॅमेरामननं तो फ्रेमबाहेर काढलेला होता. आणि गुडघा दिसला नसता, तर हा माणूस रिकाम्या हातांना घाबरलाय हेही कळलं नसतं.

म्हणून मराठी निर्मात्यांना एक विनंती. दिग्दर्शकाला मॉनिटर द्या, तंबू द्या, तंबूत पंखा द्या, पुतण्यालाही खुर्ची द्या. फक्त दिग्दर्शकाची खुर्ची उचलून कॅमेऱ्यापासून पाच फुटांवर ठेवा. भाडं तेवढंच पडतं.